अकराव्या तासाला माझी परीक्षा घ्या

फॉर्मवर दोन चौकोन होते. पहिल्यात लिहिलेलं, आठवड्याचे चार दिवस, रोज बारा तास, तीन दिवस सुट्टी. दुसऱ्यात सहा दिवस, रोज आठ तास, रविवार सुट्टी, म्हणजे आधीसारखंच. पसंत असेल त्यावर खूण करा आणि खाली सही करा, म्हणे. आमची खोली सोडून सगळ्या कारखान्याने पहिल्यावर खूण केली. मी दोन्ही चौकोन सोडून दिले आणि खालच्या कोऱ्या जागेत माझ्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात लिहिलं, 'अकराव्या तासाला माझी परीक्षा घ्या, मग खूण करते.' त्याखाली सही ठोकली आणि फॉर्म देऊन टाकला.

लोक म्हणतात, मी भांडकुदळ आहे. म्हणोत बापडे. पण त्या फॉर्मवर मी भांडले ते स्वतःविरुद्ध, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

हैदराबादेत आमच्या कुकटपल्लीच्या कारखान्यात इंजेक्शनं बनायची. औषध भरून, टोक वितळवून बंद केलेल्या काचेच्या कुप्या आमच्या खोलीत यायच्या आणि आम्ही चौदा बायका त्या बघायचो. हेच काम, बघणं. प्रत्येकीपुढे एक खोका, आतून अर्धा काळा, अर्धा पांढरा, वर ट्यूबलाइट. कुपी मानेला धरायची, हलकेच फिरवायची, आधी काळ्यापुढे बघायची, मग पांढऱ्यापुढे. पांढरा धागा असला तर काळ्यापुढे दिसतो, काळा कण असला तर पांढऱ्यापुढे. काचेचा कपचा असला तर एकदाच चमकतो आणि तळाशी जाऊन बसतो, तेवढ्यात त्याला पकडायचं. चांगली कुपी डावीकडे ट्रेमध्ये, वाईट उजवीकडे लाल डब्यात. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा एक दिवस.

तासाभराने आम्ही उठायचो आणि जिन्याच्या खिडकीशी जायचो. त्याला आमच्यात 'लांब बघणं' म्हणत. पाच मिनिटं खिडकीतून जितकं लांबचं दिसेल तितकं बघायचं, पाण्याची टाकी, कुणाच्या गच्चीवर वाळणाऱ्या साड्या, काहीही. त्या पाच मिनिटांत कुणी फोन काढला तर बाकीच्या तिला फाडून खायच्या. ही रीत साहेबलोकांनी लावलेली नव्हती. आमच्या आधीच्या बायकांनी लावली आणि आम्ही पाळली.

बरकतपुऱ्यात आमचं घर. सासरी सगळे सरकारी नोकरीतले. आजेसासरे निजामाच्या अदालतीत, सासरे शाळेत, आणि आमचे हे कोर्टात, नकला काढायच्या विभागात. अशा घरातली सून फॅक्टरीत जाते म्हटल्यावर सुरुवातीला नाकं पुष्कळ मुरडली गेली. कुणी विचारलं, काय करता, तर मी ताठ मानेने सांगायची, मी बघते. वर्षातून एकदा आमच्या डोळ्यांची परीक्षा व्हायची आणि पास झालं की गळ्यात हिरवं कार्ड. नापास झालं की कार्ड कापून टाकायचे आणि बाईला खाली खोकी भरायला पाठवायचे. एकोणीस वर्षांत माझं कार्ड एकदाही कापलं गेलं नव्हतं. गर्व होता मला त्याचा. असेना का!

ती वर्षं सगळीकडेच उलथापालथीची होती. राज्याची वाटणी झाली होती, दफ्तरांच्या जुन्या पाट्या उतरत होत्या, नव्या चढत होत्या. कुकटपल्लीच्या सडकेवर मधोमध मेट्रोचे खांब उभे राहत होते आणि त्यांच्या खड्ड्यांतून कंपनीची बस रांगत जायची. त्यातच आमचा कारखाना विकला गेला. नवे मालक, नवं नाव, नवे साहेब. आल्या आल्या त्यांनी तीन पाळ्यांच्या दोन करायचं काढलं. म्हणाले, आम्ही जबरदस्ती करणार नाही, तुम्हीच निवडा. आधी आठवडाभर बारा तास करून बघा आणि मग फॉर्म भरा.

खोटं कशाला बोलू, माझ्याही तोंडाला पाणी सुटलं. तीन दिवस सुट्टी! आमचे हे तर त्याच संध्याकाळी कॅलेंडर काढून बसले. तुळजापूर, मग नांदेडला बहिणीकडे, मग घराला रंग. माझ्या तीन दिवसांवर त्यांनी तेरा कामं मांडली. मी म्हटलं, आणि मी झोपू कधी?

आमच्या खोलीत सगळ्यात खूश झाली ती तारनाक्याची पोरगी. सव्वीसची असेल. आमच्यासारखीच पिढ्यान्‌पिढ्या हैदराबादची मराठी. मराठी वाचता येत नाही, बोलायला लागली की निम्मं तेलुगू, निम्मं दखनी, पण मराठीच. वडील रेल्वेतून रिटायर झालेले, अर्धांगाने आडवे पडले होते. आई नाही. ही कामावर आली की शेजारीण तासातासाने डोकावून जायची. मालिशवाला म्हणाला होता, आठवड्यातून तीन दिवस उठवून चालवलं तर पाय परत येईल. "अक्का, तीन दिवस! देवानेच मोजून दिल्यासारखे," असं ती म्हणाली आणि चक्क रडली. मी तिच्या पाठीवर हात फिरवला. तेव्हा मी तिच्याच बाजूची होते.

मग चाचणीचा आठवडा सुरू झाला. सकाळी आठ ते रात्री आठ. पहिले दोन दिवस निभावले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला एका कुपीत काळा कण दिसला. लाल डब्यात टाकली. पुढचीतही कण. तिच्या पुढचीतही. माझा लाल डबा भरत चालला. मी उठून ओरडायलाच लागले, आज माल भरलाय की चिखल? सुपरवायझर धावत आले. बिचारे सज्जन होते. त्यांनी डब्यातल्या आठदहा कुप्या उजेडात फिरवल्या आणि हळूच म्हणाले, "अक्का, यात काही नाही."

"तुमचे डोळे फुटले का?" म्हटलं मी. अशी मी. आणि तणतणत तोंड धुवायला गेले. बाथरूमच्या पांढऱ्या टाइल्सवर तोच कण. डावीकडे बघितलं तर कण डावीकडे, उजवीकडे बघितलं तर तो उजवीकडे. कुपीत काही नव्हतंच. कण माझ्या डोळ्यात होता.

मी तशीच ओल्या तोंडाने उभी राहिले. नसलेलं दिसतंय, तर असलेलं किती सुटलं असेल? डाव्या ट्रेमधल्या कुप्या तोपर्यंत पुढे लेबलं लावायला गेल्यासुद्धा होत्या. त्या कुणाच्या तरी शिरेत जाणार. कुणाच्या ते आपल्याला कधी कळत नाही, म्हणून तर डोळ्यात तेल घालून बसायचं. आणि इथे डोळ्यांनाच कळेना की आपण काय बघतोय.

दुसऱ्या दिवशी नव्या साहेबांनी मला बोलावलं. ते पुण्याकडचे. माझं आडनाव बघून पहिल्या दिवसापासून माझ्याशी मराठीत बोलायचे आणि माझ्या मराठीला हसायचे. "ताई, काल चांगला माल लाल डब्यात गेला," म्हणाले.

"हौ, गेला. आणि वाईट माल चांगल्यात किती गेला, ते कोण बघणार?"

"तशी तक्रार तर कुठून आलेली नाही."

बघा! चांगलं वाया गेलं ते लगेच दिसलं, वाईट पुढे गेलं ते कुणाला दिसतच नाही. मी म्हटलं, साहेब, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही. ते हसले, खुर्ची पुढे ओढली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "ताई, तुम्ही सगळ्यांत जुन्या. तुम्ही खूण केलीत की त्या सगळ्या करतील. आपल्या माणसांनी तरी साथ द्यायला हवी."

माझं डोकंच फिरलं. आपली माणसं? माझी माणसं त्या खोलीत चौदा खोक्यांपुढे बसली होती. त्यातल्या निम्म्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता, आणि हे गृहस्थ आडनावावरून माझे सोयरे व्हायला निघालेले. तिथेच त्यांच्या टेबलावर मी फॉर्म घेतला आणि वर सांगितलं ते लिहिलं.

परीक्षेची गंमत अशी की ती नेहमी सकाळी पहिल्या तासाला घ्यायचे. झोप झालेली, चहा झालेला, डोळे धुतलेले. म्हटलं, बारा तास बसवणार ना, मग परीक्षा अकराव्या तासाला घ्या. साहेबांनी फॉर्म दोनदा वाचला. "नापास झालात तर नियम सगळ्यांना सारखा," म्हणाले.

"मग? माझ्यासाठी वेगळा मागितलाय का कुणी?"

घरी आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला. "अगं, आयुष्य गेलं माझं कोर्टात अर्जांच्या नकला काढण्यात. अर्जदारानेच अर्जदाराच्या विरुद्ध केलेला अर्ज नाही पाहिला! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच." मी म्हटलं, घ्या मग, ही नक्कल काढून ठेवा. त्यांनी रागाने पाठ फिरवली, पण सकाळी न सांगता चहा त्यांनीच केला.

तारनाक्याची पोरगी मात्र जिन्याच्या खिडकीशी माझ्यावर तुटून पडली. "अक्का, तुम्हाला काय, तुमचं घर भरलेलं आहे. खामखा कशाला मध्ये पडता? तुम्ही नापास झालात तर माझे तीन दिवस गेले." मी म्हटलं, अगं, डोळे जातील तुझे. ती म्हणाली, "जाऊ देत. बाबा तर चालतील." तिचं खोटं नव्हतं. पण म्हणून मी मागे हटले नाही, आणि तिला याचाच जास्त राग आला.

आता एक कबूल करते. हे खोलीतल्या प्रत्येकीला ठाऊक होतं आणि कुणी कधी तोंडातून काढलं नव्हतं. परीक्षेचा संच एकच होता. एका पेटीत चांगल्या कुप्यांत मुद्दाम काही वाईट मिसळलेल्या. वर्षानुवर्षं त्याच कुप्या. त्यांच्यावरचे नंबर साध्या उजेडात दिसायचे नाहीत, पण हातांना त्या पाठ झालेल्या. धाग्याच्या कुपीचं टोक जरा तिरकं वितळलेलं होतं. कपचा असलेलीच्या गळ्याशी निळसर झाक. माणसं ओळखावीत तशा आम्ही त्या ओळखायचो. सुरुवातीची काही वर्षं मी डोळ्यांनी पास झाले असेन. पुढची सगळी ओळखीवर. त्या हिरव्या कार्डाचा मला केवढा गर्व, आणि ते असं मिळालेलं! लबाडी करावी म्हणून कुणी केली नव्हती, पण झाली होती खरी.

म्हणजे अकराव्या तासालाही मी पास होऊ शकत होते. आंधळी झाले असते तरी झाले असते.

परीक्षेच्या दिवशी सकाळी आठपासून रोजचं काम केलं. सहा वाजता साहेब पेटी घेऊन आले. नियमाप्रमाणे खोलीतलीच एक बाई साक्षीला बसते. साहेबांनी त्या पोरीलाच बसवलं, मुद्दामच. ती कागद-पेन घेऊन माझ्या शेजारी बसली आणि माझ्याकडे बघेना.

मी सुरुवात केली. डोळ्यांत वाळू भरल्यासारखं झालं होतं. तो काळा कण परत आलाच होता, कधी कुपीत उतरायचा, कधी बाहेर निघायचा. निळसर झाकेची कुपी आली. कपचा चमकला, दिसला, लाल डब्यात टाकली. म्हटलं, चला, अजून जिवंत आहेत डोळे. मग आणखी काही आल्या, गेल्या. आणि मग तिरक्या टोकाची हातात आली.

ती हातात आल्याक्षणी मला कळलं. काळ्यापुढे धरली. फिरवली. धागा कुठे असतो ते मला तोंडपाठ, मधोमध, किंचित वळलेला, औषधाबरोबर सावकाश फिरणारा. दिसेना. पांढऱ्यापुढे धरली, परत काळ्यापुढे. तो तिथे होता, मला दिसत नव्हता. शेजारी पेन थांबलं. पोरगी कुपीकडे बघत होती, तीही तिला ओळखत होती. अगदी ओठांतल्या ओठांत म्हणाली, "अक्का, ती..."

मला माहीत होतं गं बाई ती कोण ते. मनात म्हटलं, टाक लाल डब्यात, कोण विचारतंय! कार्ड राहील, खुर्ची राहील, हिचे तीन दिवस राहतील, हा साहेब ताई ताई करत मागे येईल. मग दुसरं मन म्हणालं, आणि उद्या अनोळखी कुपी हातात येईल तेव्हा? ती कुणी आधी दाखवून ठेवलीय तुला?

दिसत नाही म्हणजे दिसत नाही. मी ती डावीकडच्या ट्रेमध्ये ठेवली. जरा आवाज करूनच ठेवली.

शेवटी मोजणी झाली. धाग्याची सुटली होती, आणखी एक सुटली होती, आणि चार चांगल्या मी लाल डब्यात घातल्या होत्या. नापास. साहेबांनी माझं कार्ड गळ्यातून काढून घेतलं आणि सगळ्यांसमोर कात्रीने कापलं. मी हात मागे बांधून बघत होते. रडू येत होतं, पण त्या माणसापुढे? शक्यच नाही.

"ताई, वय झालं," ते म्हणाले, इतक्या गोडीत की कानाखाली वाजवावीशी वाटली. "यात पाळीचा काय दोष? तरुण मुलींना काही होत नाही." आणि त्या पोरीकडे वळले. "ही बघा. बस तू. दाखव यांना."

मी खुर्ची सोडली, ती बसली. आता साक्षीचा कागद माझ्या हातात. साहेबांनी कुप्या मिसळून पुन्हा लावल्या. ती भराभर चालली होती, तिचे हात माझ्यापेक्षा हलके. पण तिचेही डोळे लाल, सकाळी आठपासून तीही तिथेच. निळसर झाकेची आली, लाल डब्यात गेली. मग तिरक्या टोकाची आली.

लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी मी मनातून ओरडत होते, टाक, पोरी, ओळख आणि टाक. माझं काय व्हायचं ते झालं. तुझ्या बापाला चालव.

तिने ती काळ्यापुढे धरली. पांढऱ्यापुढे धरली. परत काळ्यापुढे. एकदा डोळे घट्ट मिटून उघडले. मग माझ्याकडे न बघता, साहेबांकडे न बघता, ती कुपी डावीकडे ठेवली.

सगळ्यांना ती कुपी माहीत होती, सगळ्यांनी ती कुठे गेली ते पाहिलं होतं. साहेबांनी मोजलं. तिची फक्त तेवढी एकच सुटली होती, पण नापासाला एक पुरते. "लक्ष नव्हतं हिचं," ते म्हणाले. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतली एक बाई, जिने एकोणीस वर्षांत माझ्याशी कधी धड बोलणं केलं नव्हतं, खुर्ची सरकवून उठली आणि पुढे येऊन उभी राहिली. तिच्या मागे आणखी एक. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, पेटीचं झाकण लावलं आणि ती काखेत मारून निघून गेले. तिसरीला त्यांनी बसवलंच नाही.

दोन आठवड्यांनी नोटीस लागली, तपासणीची खोली आठ तासांचीच राहील. कारण बिरण काही लिहिलं नव्हतं. खालची खोकी भरणारी खोली आमच्याशी बांधलेली, तीही आठवरच राहिली, बाकी कारखान्यात बारा तास सुरू झाले. परीक्षेचा संचही बदलला आणि परीक्षा पाळीच्या शेवटी व्हायला लागली, असं ऐकलं. ऐकलं, कारण मी तेव्हा खाली खोकी भरत होते. सहा महिन्यांनी नवीन संचावर मी परत बसले, पास झाले. या खेपेला ओळखीपाळखीचं कुणी नव्हतं. त्या सहा महिन्यांचा मला काडीचा पस्तावा नाही. साहेबांची आज भेट झाली तरी मी तेच लिहीन आणि तशीच सही ठोकीन.

पण पस्तावा नाही म्हणून सगळं साफ आहे असं नव्हे. परीक्षा झाली त्या संध्याकाळी आम्ही दोघी कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसलो. दुसरीकडे जागा नव्हती, नाहीतर ती बसली नसती. तिच्याही गळ्यात कार्ड नव्हतं. तीन दिवस गेल्यात जमा होते, वर खुर्चीही गेली होती. गप्प बसणं मला जमत नाही. शेवटी विचारलं, "तुला ती ओळखता येत होती. का गं ठेवलीस डावीकडे?"

"मला विचारू नका, अक्का." आवाजात एवढा राग की मी सरकून बसले.

बस एका खांबापाशी अडकून उभी राहिली. मग तीच बोलली, पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत.

"परवापासून बाबांना सुई चालू केलीय. सकाळ-संध्याकाळ. काल घरी आलेली सिस्टर कुपी फोडणार, तेवढ्यात मी ती हातातून घेतली, उजेडात धरून फिरवायला लागले. सिस्टर हसली. म्हणाली, अम्मा, बघायची गरज नाही, कंपनीतून तपासूनच येतात."